पाळक ओबरलिन आणि त्यांच्या खोऱ्यातील झाडे

फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेस, ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेकडे, व्होज नावाची पर्वतराजी पसरली आहे. तिच्या कुशीत ब्रूश नावाची लहानशी नदी वाहते व तिच्या काठच्या डोंगरउतारांवर वाल्डर्सबाख, फूदे, बेलमाँ, बेलफोस, सोलबाख अशी काही खेडी वसली आहेत. ह्या मुलखास फ्रेंच भाषेत बाँ द ला रोश व जर्मन भाषेत श्टाइनटाल म्हणतात. जर्मन नावाचा अर्थ दगडांचे खोरे असा होतो, आणि ज्याने ते ठेविले त्याने काही खोटे सांगितले नाही. वर्षातील निम्म्याहून अधिक काळ तेथे थंडीचा अंमल असे. शेतातील माती पातळ, आणि पावसाच्या लोटाबरोबर तीही खाली नदीत जाई. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात ही खेडी ओस पडली होती. पुढे जी कुटुंबे पुन्हा येऊन वसली ती बटाटे व रानटी सफरचंदे ह्यांवर कशीबशी गुजराण करीत. खेड्याखेड्यांमध्ये धड रस्ता नव्हता; नदीस पूर आला म्हणजे बाहेरच्या जगाशी संबंधच तुटे.

ह्या खोऱ्यात योहान फ्रीड्रिख ओबरलिन हे सुमारे साठ वर्षे पाळक होते. त्यांचे नाव घेताच बालशिक्षणाच्या इतिहासाची आठवण होते, आणि ती योग्यच आहे. परंतु आम्ही आज त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व पालकवर्गापुढे ठेवीत आहोत ते आणखी एका कारणासाठी. शाळेतील धडा आणि शाळेबाहेरची माती ह्यांत त्यांनी कधी भेद मानिला नाही.

ओबरलिन यांच्या आधी श्टूबर नावाचे एक सद्‌गृहस्थ तेथे पाळक होते. ते प्रथम शाळा पाहावयास गेले तेव्हा त्यांस एका झोपडीत बरीच मुले गलबला करीत बसलेली आढळली व कोपऱ्यात एका खाटेवर एक जराजर्जर म्हातारा निजलेला दिसला. तोच मास्तर! काय शिकविता म्हणून विचारता, काहीच नाही, असे त्याने मोठ्या सरळपणाने सांगितले. कारण त्यास स्वतःसच काही येत नव्हते. तो पूर्वी गावची डुकरे राखीत असे. वयोमानामुळे ते काम होईना, म्हणून गावाने त्याजकडे मुले राखावयास दिली होती. श्टूबर यांनी शाळा सुधारावयाचे मनात आणिले, तर मास्तर व्हावयास कोणी तरुण तयार होईना, इतकी त्या पदाची अप्रतिष्ठा झाली होती. तेव्हा त्यांनी मास्तर हा शब्दच काढून टाकिला व शिक्षकांस एक भारदस्त पदवी दिली. लागलीच चांगल्या घरचे तरुण पुढे आले. आमच्या व्यवसायबंधूंनी ह्यावरून काय तो बोध घ्यावा.

ओबरलिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी स्ट्रासबर्ग शहरी झाला. वडील तेथील विद्यालयात शिक्षक होते. घरात मुले पुष्कळ आणि प्राप्ती बेताची. लहानपणची त्यांची एक गोष्ट सांगतात. बाजारात काही टवाळ पोरांनी एका अंडी विकणाऱ्या बाईची टोपली उलथून टाकिली. लहान ओबरलिनने त्या पोरांस दटाविले, आणि तेवढ्यावर न थांबता घरी धावत जाऊन आपली साठविलेली नाणी आणून त्या बाईच्या हाती ठेविली. पुढे त्यांनी स्ट्रासबर्ग येथेच ईश्वरज्ञानाचे अध्ययन केले. सन १७६७ त श्टूबर आपल्या जागी कोणी योग्य मनुष्य मिळावा म्हणून शोध करीत त्यांच्या माडीवरील खोलीत आले. ओबरलिन दाढदुखीने बेजार होऊन पडले होते. खाटेस पडदे होते ते कागदाचे, आणि दिव्यावर एक लहानसे भांडे टांगलेले होते, त्यात रात्रीसाठी भाकरीचे तुकडे व मीठपाणी शिजत होते. ज्याची राहणी अशी, त्यास आपले खोरे मानवेल, हे श्टूबर यांनी तेव्हाच ताडले. ओबरलिन त्या वेळी पलटणीतील पाळकाची जागा पत्करण्याच्या बेतात होते. तो बेत सोडून ते त्याच वर्षी वाल्डर्सबाखला आले. वय अवघे सव्वीस.

लोकांनी त्यांचे स्वागत केले असे मुळीच नाही. नवा पाळक येऊन सुधारणा सांगू लागला म्हणजे जुन्या लोकांस संताप यावयाचाच. काहींनी त्यांस वाटेत गाठून चोपावयाचे ठरविले. ही बातमी ओबरलिन यांस आधीच कळली. त्या रविवारी त्यांनी उपासनेत ख्रिस्ताने सांगितलेल्या सहनशीलतेवरच उपदेश केला, आणि उपासना आटोपल्यावर जेथे ती मंडळी जमली होती त्याच घरी ते एकटे गेले. तुमचा बेत मला ठाऊक आहे, तो पार पाडण्यास मीच येथे आलो आहे, अशा अर्थाचे बोलून ते उभे राहिले. कोणाचा हात उचलला नाही. दुसऱ्या एका गावी त्यांस हौदात बुचकळून काढण्याचा घाट घातला होता. तेव्हा ते घोड्यावर न बसता, घोडा हाती धरून सावकाश त्याच वाटेने चालत आले.

पहिले मोठे काम रस्त्याचे. स्ट्रासबर्गकडे जाणाऱ्या हमरस्त्यापर्यंत खडक फोडून वाट काढावयाची, नदीकाठी भिंत बांधावयाची आणि ब्रूश नदीवर पूल घालावयाचा. लोकांस हे अशक्य वाटले. प्रत्येकाने काही ना काही सबब सांगितली. ओबरलिन यांनी वाद घातला नाही. कुदळ खांद्यावर टाकिली व एका सोबत्यास घेऊन ते स्वतःच खणावयास गेले. मग एकेक जण मागून आला. तो पूल तयार झाला तेव्हा त्यास प्रीतीचा पूल असे नाव पडले. पाळकाने हाती कुदळ घेणे त्या काळी अनेकांस विचित्र वाटले असेल. आम्हांस वाटते, पुढील सर्व गोष्टींची गुरुकिल्ली ह्या कुदळीतच आहे.

रस्त्याबरोबरच शाळांचे कामही चालले होते. वाल्डर्सबाखची नवी शाळा बांधावयाची तर तिच्या दुरुस्तीचा खर्च आम्हांवर पडता कामा नये असे लोकांनी ओबरलिन यांच्याकडून आधी कबूल करवून घेतले. हळूहळू पाचही गावांत शाळा झाल्या. परंतु ज्या कामाने त्यांचे नाव युरोपभर झाले ते मोठ्या मुलांच्या शाळेचे नव्हे, लहानग्यांच्या शाळेचे. आईबाप शेतात गेले म्हणजे तीनचार वर्षांची पोरे दिवसभर मोकाट असत. बेलमाँ येथे सारा बान्झे नावाची एक शेतकऱ्याची मुलगी अशा मुलांस घरी जमवून विणकाम शिकवीत असे. तिच्या बापास ते रुचत नव्हते. ओबरलिन यांनी हे पाहिले, बापाची समजूत घातली, आणि साराच्या ह्या कामास शाळेचे रूप दिले. हे सन १७७० च्या सुमारास. रॉबर्ट ओवेन यांची न्यू लॅनार्क येथील शिशुशाळा निघाली १८१६ साली, आणि फ्रोबेल यांचे बालोद्यान हे नाव प्रसिद्ध झाले ते १८४० साली. सारा मात्र १७७४ सालीच वारली. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशी नावे एका ओळीत उरकली जातात, म्हणून आम्ही ते येथे मुद्दाम थांबून लिहिले आहे.

ह्या शिशुशाळांत काय चाले? मुले विणावयास व सूत कातावयास शिकत, गीते गात, पवित्र शास्त्रातील कथा ऐकत, चित्रे पाहत आणि आपल्याच खोऱ्याचा नकाशा ओळखीत. आपली नदी कोठून येते, आपल्या गावाच्या पलीकडे कोणते गाव, हे आधी. पॅरिस व लंडन नंतर. आणि त्यांस वनस्पतींची ओळख करून देत. हवा निवळली म्हणजे बाई मुलांस घेऊन रानात जात. कोणते पान औषधी, कोणते विषारी, कोणता पाला गुरे खातात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावयाचे, हातात घ्यावयाचे व नावाने सांगावयाचे. थोडी मोठी मुले ती रोपे वाळवून जपून ठेवीत, त्यांची चित्रे काढून रंगवीत, आणि काही रोपे आपल्या चिमुकल्या वाफ्यांत आणून लावीत. ज्या मुलाने एखाद्या रोपाचे नाव शिकले आहे ते मूल ते रोप सहजासहजी तुडवीत नाही. आमच्या वर्गातील किती मुलांस शाळेच्या आवारातील दहा झाडांची नावे सांगता येतील? हा प्रश्न आम्ही कोणास लाजविण्यासाठी विचारीत नाही. पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर प्रत्येकाने एकदा मोजून पाहावे.

आता झाडांची हकीगत. खोऱ्यात फळझाडे जवळजवळ नव्हतीच. ह्या जमिनीत ती येत नाहीत अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. उपदेशाने ही समजूत जाणार नाही हे ओबरलिन जाणून होते. पाळकाच्या वाट्याला दोन लहानशी शेते होती, अगदी निकस, आणि दोहोंतून गावाची पायवाट गेलेली. दुसरा कोणी असता तर त्याने रहदारीबद्दल कुरकुर केली असती. ओबरलिन यांस तीच सोय वाटली. त्यांनी तेथे चारपाच फूट खोल चर खणविले, त्यांत बाहेरून आणिलेली चांगली माती घातली, आणि सफरचंद, नासपती, आलुबुखार, चेरी व अक्रोड ह्यांची रोपे लाविली. शेतावर जाणारा येणारा प्रत्येक जण ती पाही. पहिले वर्ष लोक हसले. दुसऱ्या वर्षी गप्प झाले. पुढे रोपे जोमाने वाढली तेव्हा, आपल्या शेतांहून वाईट जमिनीत हे कसे घडले, असे विचारीत ते पाळकाच्या दारी येऊ लागले. ओबरलिन प्रथम वाढविणाऱ्या परमेश्वराचा महिमा सांगत, मग चर कसा खणावा ते दाखवीत, आणि कलमे वाटीत. काही वर्षांत त्या उघड्या खेड्यांच्या भोवती बागा दिसू लागल्या.

पण ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी हाती घेतली ती आता येते. ख्रिस्ती मंडळीत मूल जाणत्या वयाचे झाले म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली सर्वांसमक्ष देते. त्या विधीस दृढीकरण म्हणतात. ओबरलिन यांनी असा नियम घातला की, दृढीकरणास येणाऱ्या प्रत्येक मुलाने व मुलीने आपण दोन झाडे लाविली असल्याचा दाखला आणिला पाहिजे. प्रश्नोत्तरे पाठ येतात, गीते येतात, एवढ्याने भागत नसे. एवढेच नव्हे, त्यांनी मंडळीतील कुटुंबांकडे एक प्रश्नावली पाठविली होती. उपासनेस येता काय, मुलांस शाळेत पाठविता काय, ह्यांच्या बरोबरीने तीत असेही विचारले होते की, घरात जितकी माणसे त्याच्या दुप्पट झाडे तुम्ही गावठाणात लाविली आहेत काय. आणि ती नीट लाविली आहेत, की आळशी माणसे लावितात तशी, श्रम चुकवून? सांडपाण्यास नीट वाट काढिली आहे काय, हाही प्रश्न त्यांत होता.

ही जबरदस्ती नव्हे काय, असे कोणी म्हणेल, आणि ही शंका आम्हांसही आली. धर्मविधीच्या दाराशी झाडाची अट का असावी? परंतु थोडा विचार करिता आम्हांस असे दिसते की, ओबरलिन यांच्या मते ही अट बाहेरची नव्हतीच. अक्रोडाचे झाड लावणारा बहुधा स्वतःसाठी लावीत नाही. त्याची भरपूर फळे पुढील पिढी खाते. शेजाऱ्यावर प्रीति करावी ही आज्ञा जो मुखाने कबूल करितो त्याने अजून न जन्मलेल्या शेजाऱ्यासाठी दोन खड्डे खणावेत, हे मागणे फार नव्हे. शिवाय लाविले कसे, हे ते विचारीत. आमच्याकडे दर पावसाळ्यात शाळोशाळी वृक्षारोपणाचा समारंभ होतो, हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात. चैत्रात त्या खड्ड्यांकडे कोण फिरकतो? ओबरलिन यांचा दुसरा प्रश्न आम्हांस पहिल्याहून अधिक बोचतो.

मातीविषयीही त्यांचे असेच. खोऱ्यातील बटाट्याचे बियाणे जुने होऊन उतार घटला होता. त्यांनी बाहेरून नवे बियाणे आणविले. जनावरे उतारांवर मोकळी सोडण्यापेक्षा गोठ्यात बांधून चारावीत, म्हणजे शेणखत हाती राहते, हे पटविले. फेकावयाचे असे काही नाहीच, हे त्यांचे जणू ब्रीद होते: झाडांचा पाला, शेवाळ, सूचिपर्णी झाडांची फळे, लोकरीच्या चिंध्या, फाटकी पायताणे, सर्व काही खताच्या खड्ड्यात जाई. चिंध्या बारीक फाडून देणाऱ्या मुलांस ते चार पैसे देत. सन १७७८ च्या सुमारास त्यांनी शेतकऱ्यांचे एक मंडळ स्थापून ते स्ट्रासबर्ग येथील मंडळाशी जोडून दिले. हुशार मुलांस सुतार, गवंडी, लोहार ह्यांची कामे शिकावयास शहरी पाठविले, आणि अवजारे हप्त्याने मिळण्याची सोय केली.

मनुष्य म्हटला की त्याच्या मर्यादाही आल्या. खोऱ्यातील लोक एक ग्रामीण बोली बोलत. तिच्या योगाने बाहेरचे ज्ञान येत नाही, म्हणून ओबरलिन यांनी शाळांतून शुद्ध फ्रेंच भाषेचा आग्रह धरिला. हेतु चांगला होता. परंतु मुले ज्या बोलीत आईस हाक मारितात ती बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवावयास लावणे आम्हांस, मराठीच्या शिक्षकांस, रुचत नाही. परलोकाविषयीही त्यांच्या काही कल्पना विलक्षण होत्या. स्वर्गातील निवासस्थानांचा त्यांनी नकाशाच केला होता, आणि मृत पत्नी आपणांस भेटावयास येते असे ते मानीत.

ही पत्नी, मादलेन सालोमे, हिच्याशी त्यांचा विवाह १७६८ त झाला होता, आणि नऊ मुलांस जन्म देऊन ती जानेवारी १७८३ त निवर्तली. घरात लुईज शेप्लर नावाची बेलफोसची एक तरुणी कामास होती. तिने आईविना पोरक्या झालेल्या मुलांचा सांभाळ केला, आणि आपणांस वेतन नको, घरचीच मुलगी समजा, असे पाळकास कळविले. शिशुशाळांची खरी मदार पुढे तिच्यावरच होती. थंडीत, बर्फात, ती एका गावाहून दुसऱ्या गावी मुलांस शिकवावयास जाई.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांति झाली. उपासना बंद पडल्या, पाळकांवर संशयाची नजर वळली. ओबरलिन यांचा वडील मुलगा फ्रीड्रिख सैन्यात जाऊन १७९३ त पडला. १७९४ च्या जुलै महिन्यात त्यांस पकडून सेलेस्ता येथे नेले; सुदैवाने थोड्याच दिवसांत रोबेस्पियरचा पाडाव झाला व ते सुटून आले. त्याच वर्षी राष्ट्रसभेने त्यांच्या शाळांची प्रशंसा केली.

ह्यापुढील त्यांचे एक काम अरण्याविषयीचे आहे, आणि चरित्रलेखक ते बहुधा घाईने सांगतात. खोऱ्यातील अरण्यावर हक्क कोणाचा, गावकऱ्यांचा की जमीनदाराचा, ह्यावरून ऐंशीहून अधिक वर्षे एक दावा चालला होता. दोन्ही बाजू खर्चाने खंगल्या. सरपण, इमारती लाकूड, गुरांचा चारा, सर्व त्या रानावर अवलंबून; आणि ज्या रानाचा धनी ठरलेला नाही त्याची निगा कोण राखणार? ओबरलिन यांनी दोन्ही पक्षांस समजावून १८१३ साली तडजोड घडवून आणिली. ज्या लेखणीने करारावर सही झाली ती लेखणी त्या प्रांताच्या अधिकाऱ्याने गावकऱ्यांकरवी त्यांस देवविली, आणि ओबरलिन यांनी ती आपल्या अभ्यासिकेत टांगून ठेविली. त्यांच्या सर्व मानचिन्हांत आम्हांस हे सर्वांत थोर वाटते.

१८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. एप्रिल १८१५ त इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता व त्याच्या धुळीने सूर्याचे तेज मंदावले होते, हे आज आपणांस ठाऊक आहे. त्या डोंगरी शेतकऱ्यांस मात्र एवढेच दिसले की, बटाटे जमिनीतच कुजले. पुढील वर्षी दुष्काळ पडला. बाझल शहरचे लग्रां कुटुंब आपला फिती विणण्याचा धंदा घेऊन फूदे येथे येऊन राहिले होते. त्यांनी घरोघरी काम दिले, बाहेरून मदत आली, आणि खोरे तगले. १८१८ त पॅरिसच्या राजकीय कृषिमंडळाने ओबरलिन यांस सुवर्णपदक दिले. १८१९ त राजाकडून लीजन ऑफ ऑनर हा किताब मिळाला. वृद्ध पाळकाच्या राहणीत त्याने काही फरक पडला नाही. वेस्ट इंडिज बेटांतील साखर व कॉफी गुलामांच्या श्रमाने पिकते, म्हणून त्यांनी ह्या दोन्ही वस्तू वर्ज्य केल्या होत्या.

१ जून १८२६ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते ख्रिस्तवासी झाले. वाल्डर्सबाखहून फूदे येथील चर्चपर्यंत प्रेतयात्रा निघाली तेव्हा तिचे पुढचे टोक चर्चला पोहोचले तरी मागचे अजून घराशीच होते. वाटेवर शेजारच्या कॅथलिक गावच्या बाया गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या. कबरेवर लोखंडी क्रूस आहे, आणि त्यावर लोक त्यांस ज्या नावाने हाक मारीत तेच आहे: पापा ओबरलिन.

पुढे १८३३ साली अमेरिकेत ओहायो प्रांती त्यांच्या नावाने एक विद्यालय व गाव स्थापन झाले. ते विद्यालय, ओबरलिन कॉलेज, आजही चालू आहे. वाल्डर्सबाख येथील पाळकगृहात आता संग्रहालय आहे, आणि मुलांनी वाळवून ठेवलेल्या वनस्पतींसारख्या वस्तू पाहावयास आजही लोक तेथे जातात.

लुईज शेप्लर त्यांच्या मागे अकरा वर्षे जगली. १८२९ त फ्रेंच अकादमीने सद्‌गुणांसाठी ठेविलेले माँत्यों पारितोषिक, पाच हजार फ्रँकांचे, ह्या मोलकरणीस दिले. ती रक्कमही तिने परोपकारातच खर्चिली. १८३७ साली ती वारली. तिची कबर फूदे येथेच, आपल्या पाळकाच्या जवळ आहे.